जागा न सोडणारा स्टॉपर

पिंपरी पेंढारला हायवेच्या कडेला सुदर्शनचं मोटारी भरायचं दुकान आहे. विहिरीवरची मोटार जळाली की शेतकरी ती काढून त्याच्या दारात आणून टाकतो. सुदर्शन आतली जळकी तार उपसतो, नवी तांब्याची तार भरतो, वार्निश मारतो आणि मोटार परत देतो. उन्हाळ्यात त्याला जेवायला सवड नसते. पावसाळ्यात मोटारी गप पडून असतात, मग दुकानातल्या बाकड्यावर गावातली फुटबॉलवाली मंडळी येऊन बसतात.

तुम्ही म्हणाल, जुन्नर तालुक्यात फुटबॉल कुठून आला? बैलगाडा म्हणा, कुस्ती म्हणा, कळू शकतं. तर झालं असं, की फार वर्षांपूर्वी कोल्हापूरकडचा एक पीटीचा मास्तर इथल्या हायस्कुलात बदलून आला आणि येताना हे खूळ बरोबर घेऊन आला. मास्तर पुढे बदलून गेला, खूळ राहिलं. आज गावाची टीम आहे, टीमला पिवळे शर्ट आहेत, आणि टीम हरली की शिव्या द्यायला हक्काची माणसंही आहेत. गावाला आणखी काय लागतं?

मास्तरांनी सुदर्शनला आणि त्याच्या धाकट्या भावाला, अमृतला, स्टॉपर केलं होतं. स्टॉपर म्हणजे गोलच्या तोंडाशी उभे राहणारे दोघे. समोरच्या टीमला कॉर्नर मिळाला की चेंडू कोपऱ्यातून उंच यायचा आणि खरी परीक्षा या दोघांची व्हायची. मास्तरांची शिकवण एकच, आपापली जागा धरायची. आपल्या जागेत चेंडू आला तर उडवायचा, दुसऱ्याच्या जागेत गेला तर तिकडे बघायचंसुद्धा नाही. सुदर्शनला हे इतकं पटलं की त्याने ते जन्माला बांधून घेतलं. दुकान उघडायची वेळ ठरलेली, जेवायची ठरलेली, दिलेल्या वायद्याला मोटार तयार म्हणजे तयार. अमृतचं सगळं उलटं. तो जागा बघायचाच नाही, माणूस बघायचा. समोरचा एखादा उंच गडी दिसला की त्याच्या मागे शेपूट लावल्यासारखा पळत सुटायचा. सुदर्शन भर मैदानात त्याच्यावर डाफरायचा की जागा सोडू नको. अमृत हसायचा आणि पुन्हा तेच करायचा.

पुढे दोघांची लग्नं झाली. अमृत आंबेगाव तालुक्यात पेठला ट्रॅक्टरच्या गॅरेजात लागला आणि तिथेच राहिला. म्हातारा, म्हणजे हौशीराम, गुरं सोडून कुठे जायला तयार नव्हता; तो सुदर्शनकडेच राहिला. आईची, चिमाबाईची, मात्र पाळी लागली. आपल्याकडे हे घरोघर आहे, त्यात लाजण्यासारखं काही नाही असं सगळे म्हणतात आणि सगळे थोडे लाजतात. दोन महिने थोरल्याकडे, दोन महिने धाकट्याकडे. महिने मराठी धरायचे. अवसेच्या दुसऱ्या दिवशी ज्याची पाळी संपली त्याने आईला एसटीत बसवायचं, दुसऱ्याने नारायणगावच्या स्टँडवर मोटारसायकल घेऊन यायचं. सुरुवातीला फोन व्हायचे. मग फोनसुद्धा बंद झाले, कारण गरजच उरली नाही. अवस कुणाला सांगावी लागते का? चिमाबाई हसून म्हणायची, 'दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणत्यात, मी तर दोन घरची जाडी झाले.'

आणि यंदा ज्येष्ठ आला तो धोंड्याचा होऊन. अधिक महिना हो. तीन वर्षांत एकदा येतो, जावयांना जेवायला घालतात तो. आजवर चिमाबाईच्या पाळीत तो नेमका मधे यायचा, त्यामुळे ज्याच्याकडे ती असेल त्याच्याकडे एक महिना जास्त राहायची, कुणाच्या ध्यानातही येत नसे. या खेपेला तो बरोबर दोन पाळ्यांच्या सांध्यावर पडला. वैशाखाची अवस झाली. सुदर्शनच्या हिशेबाने त्याची पाळी संपली, दुसऱ्या दिवसापासून ज्येष्ठ लागला, मग तो अधिक असो की आणखी काही. अमृतच्या हिशेबाने धोंडा हा महिन्यांत धरतच नाहीत, त्यात लग्न नाही की वास्तू नाही. खरा ज्येष्ठ अजून लांब होता, तोवर आई थोरल्याकडेच. दोघांचंही चुकलं म्हणता येत नाही. हीच तर खरी गोम आहे.

सुदर्शनने सकाळी आईला एसटीत बसवलं. खिडकीची जागा धरून दिली, बोचकं मांडीवर दिलं, अमृत येतोय म्हणून सांगितलं आणि दुकानात येऊन काम सुरू केलं. अमृत त्या वेळी पेठच्या गॅरेजात ट्रॅक्टरच्या खाली आडवा होता. चिमाबाई नारायणगावच्या स्टँडवर उतरली आणि उन्हात दिवसभर बसून राहिली. संध्याकाळी ती कलंडली तेव्हा स्टँडवर शेंगा-फुटाणे विकणाऱ्या साळुबाईने रिक्षा बोलावून तिला दवाखान्यात नेलं. म्हातारीचा पोरगा पेठला असतो एवढंच साळुबाईला ठाऊक होतं, त्यावरून कुणाकुणाला विचारत अमृतपर्यंत फोन गेला. सुदर्शन पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. डॉक्टर म्हणाले, उष्माघात.

दवाखान्याच्या व्हरांड्यात अमृत भिंतीला टेकून उभा होता. त्याने वर बघितलं आणि म्हणाला, "दादा, महिना धोंड्याचा व्हता."

सुदर्शन म्हणाला, "महिना तो महिना."

एवढ्यावर दोघा भावांचं बोलणं तुटलं. त्यानंतर दहावं झालं, तेरावं झालं, दोघे शेजारी शेजारी बसले, पण एकमेकांशी शब्द नाही. आलेली माणसं म्हणायची, अधिकात देह ठेवला, पुण्यवान होती माउली. हे ऐकून खरं तर एखाद्याचं डोकं फिरावं. सुदर्शनचं फिरलं नाही. त्याला काही वाटलंच नाही, आणि हे काही न वाटणंच त्याच्या मानगुटीवर बसलं होतं. तो रडला नव्हता. मंगल, त्याची बायको, ताटात काय वाढते हे त्याला जेवण संपल्यावरही सांगता आलं नसतं. एकदा तारेला डाग द्यायच्या तापल्या कैयाने बोट भाजलं तर आधी त्याला वास आला, मग बोट दिसलं, मग कळलं की बोट आपलं आहे. मंगल एकदा त्याच्यासमोर बसून म्हणाली की एकदा रडून घ्या. त्याने मान हलवली आणि विचारलं, वार्निशचा डबा कुठे ठेवलाय?

मामा मधे पडला. त्याने दोन्हीकडे निरोप फिरवून ठरवलं की आई गेली, आता बापाला तरी दोन्ही घरं मिळू देत. गुरं मंगल बघेल, श्रावणापासून हौशीराम अमृतकडे, पद्धत जुनीच. अवसेच्या दुसऱ्या दिवशी नारायणगावचा स्टँड. दोघांनीही मामाला हो म्हटलं. एकमेकांना कुणी फोन केला नाही. मंगल चार दिवस मागे लागली होती की एक फोन करा. सुदर्शन म्हणायचा, मामाने सांगितलंय ना. ती म्हणायची, त्या वेळी पण ठरलेलंच होतं ना? त्यावर तो उठून दुकानात जायचा. भीती त्याला कळत होती, बरं का, पण कळणं वेगळं आणि वाटणं वेगळं. ऐंशीचा बाप त्याच स्टँडवर एकटा बसलेला त्याला दिसायचा, आणि दुसऱ्याच कुणाचा तरी बाप असल्यासारखा तो ते बघत राहायचा.

अशात आषाढाची अवस उजाडली. आदल्याच रविवारी गावाची टीम जुन्नरच्या मैदानावर हरून आली होती. हरावं माणसाने, पण किती? तीन गोल खाल्ले आणि तिन्ही कॉर्नरवर. त्यामुळे दुकानातलं बाकडं सकाळपासून तापलेलं होतं. एका बाजूला गेणू, एसटीतून रिटायर झालेला कंडक्टर, मास्तरांच्या काळापासूनचा भक्त. त्याचं निम्मं लक्ष संध्याकाळच्या मटणावर होतं, तरी उरलेल्या निम्म्यात तो कुणाला ऐकत नव्हता. दुसऱ्या बाजूला रुपेश. हा पिकअपमधून टोमॅटो नारायणगावच्या मार्केटला नेतो आणि मोबाइलवर जगभरच्या मॅचा बघतो, म्हणून त्याला सगळं कळतं असा त्याचा समज.

रुपेशचं म्हणणं, जागा धरून उभं राहायचे दिवस गेले. ज्याने त्याने आपापला माणूस धरावा, तो जाईल तिथे जावं, त्याने उडी मारली की आपण मारावी. गेणू म्हणाला, वा रे वा, आणि तुझा माणूस तुला मुद्दाम लांब घेऊन गेला तर? मधे मोकळं वावर, येऊ दे कुणालाही चरायला. त्याने बाकड्यावर शेंगांची टरफलं मांडून गोलचे खांब केले, तंबाखूची डबी गोलकीपर झाली, आणि मास्तरांची जुनी मांडणी दाखवली. हा इथं, तो तिथं, कुणी हलायचं नाही. रुपेशने एक टरफल उचलून दोन टरफलांच्या बरोबर मधे ठेवलं आणि विचारलं की हा चेंडू कुणाचा? गेणू म्हणाला, ज्याच्या जवळ तो त्याचा. रुपेश म्हणाला, सारख्याच लांब आहे. गेणूने टरफल फुंकून उडवलं. असा न्याय एसटीच्या नोकरीत चालत असेल, फुटबॉलात चालत नाही.

मग रुपेशने मोबाइलवर काढलेला तिसरा गोल लावला आणि मोबाइल सुदर्शनच्या पुढ्यात धरला. निकाल द्यायचा मान आजही सुदर्शनचाच. गावात त्याच्याइतके कॉर्नर कुणी उडवलेले नाहीत. सुदर्शन तार गुंडाळत होता, हात न थांबवता त्याने बघितलं. चिखलातलं मैदान. कोपऱ्यातून चेंडू उंच आला. दोन पिवळे शर्ट, दोन्ही स्टॉपर, आपापल्या जागी पाय रोवून उभे. चेंडू दोघांच्या मधे पडला. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मागून एक बारकं पोरगं आलं आणि पायाचा नुसता अंगठा लावून गेलं.

"बघा ना राव," रुपेश म्हणाला, "दोघांनाबी वाटलं, दुसरा घेईल."

बोलला आणि त्याचं त्यालाच कळलं. गेणूने डबी उचलून खिशात घातली. रुपेशचं तोंड एवढंसं झालं. सुदर्शन म्हणाला, "परत लाव."

रुपेशने परत लावला. सुदर्शनने परत लाव म्हटलं. असं किती वेळा झालं देव जाणे. त्याचे हात आता थांबले होते आणि तार बोटांवरून सैल होऊन खाली लोंबत होती. तो एकेका पिवळ्या शर्टाचे पाय निरखून बघत होता. मास्तर असते तर दोघांच्या पाठीवर थाप मारली असती, इतके ते पाय जागच्या जागी होते.

गेणू हळूच म्हणाला की जाऊ दे, चूक कुणाचीच नाय दिसत.

"दोघांनी जागा बरोबर धरली," सुदर्शन म्हणाला, "म्हणून गोल झाला."

एवढं बोलून त्याने तार टेबलावर ठेवली आणि भर सकाळी शटर ओढलं. वायद्याची एक मोटार आत तशीच उघडी पडून राहिली. त्याच्या दुकानाच्या इतिहासात हे पहिल्यांदाच झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो बापाला घेऊन स्टॉपवर गेला. एसटी आली. त्याने हौशीरामला चढवलं, खिडकीपाशी बसवलं, पिशवी मांडीवर दिली, सगळं मागच्यासारखंच. मग स्वतः शेजारी बसला. म्हाताऱ्याने त्याच्याकडे बघितलं आणि विचारलं, दुकान? सुदर्शन म्हणाला, बंद. आळेफाटा येईपर्यंत दोघांत एवढंच बोलणं झालं. बाहेर बारीक भुरभुर चालू होती.

नारायणगावला उतरले तर अमृत नव्हता. सुदर्शनला वाटायला हवं होतं की घात झाला, पण तेही नीट वाटेना. त्याने बापाला शेडखालच्या बाकावर बसवलं आणि आपण शेजारी बसला. पेठच्या बाजूच्या गाड्या आल्या, गेल्या. फोन खिशात होता. काढायचा आणि ठेवायचा, काढायचा आणि ठेवायचा. काय बोलायचं? महिना तो महिना?

फोन आपणच वाजला. मंगलचा होता. ती म्हणाली, अमृतभावजी दारात उभे आहेत. सकाळीच पेठवरून निघाले म्हणे, बायपासने थेट इथे, मामंजींना घरून न्यायला. एसटीची आणि त्यांची वाटेत चुकामूक झाली. आता मागे वळून येतायत, तुम्ही तिथून हलू नका म्हणतायत. मग थांबून म्हणाली, "लई घाबरलेत वो ते."

सुदर्शनने बरं म्हटलं. दोन्ही भाऊ आपापली जागा सोडून एकाच माणसाकडे पळाले होते. हसू यावं अशीच गोष्ट, पण तो हसला नाही. त्याने बापाला सांगितलं की अमृत येतोय, घरी गेला होता. हौशीरामने मान हलवली. त्याने इतके दिवस बायकोबद्दल कुणाला एक अक्षर विचारलं नव्हतं. आज स्टँडभर नजर फिरवून त्याने विचारलं, "ती कुठं बसली व्हती?"

सुदर्शनला ठाऊक नव्हतं. काय म्हणावं याला? आई जिथे दिवसभर बसली ती जागा त्याने कधी विचारलीसुद्धा नव्हती, जागांचा एवढा अभ्यास असलेल्या माणसाने. तो उठला आणि शेडच्या टोकाशी टोपली घेऊन बसलेल्या बाईजवळ गेला. साळुबाई तीच होती. मी त्या म्हातारीचा थोरला, असं त्याने सांगितलं. बाईने त्याला खालपासून वरपर्यंत बघितलं. त्या नजरेत जे होतं ते त्याने मुकाट घेतलं. मग तिने हात लांब करून फाटकाकडे दाखवलं. रस्त्याला लागून, जिथे मोटारसायकली वळतात तिथे, उघड्यावर एक सिमेंटचा उंचवटा होता. वर ना झाड, ना पत्रा.

सुदर्शन म्हणाला, इकडे बाक आहे की, सावली आहे.

"मी दोनदा हाताला धरून आणली हिकडं," साळुबाई म्हणाली. "दोनदा परत गेली. म्हणायची, सावलीत बसले तर पोराला दिसायची न्हाई मी. कुणाचा तरी फोन मागते म्हटलं, तर तेबी नको. पोरं वाईट दिसत्याल म्हणाली."

सुदर्शन तिथून निघाला तो थेट त्या उंचवट्यावर जाऊन उभा राहिला. पाऊस वाढला होता. बाप शेडमधून हात करत होता की आत ये, भिजशील. तो हलला नाही. मानेवर पडलेलं पाणी पाठीवरून खाली उतरलं आणि त्याला थंडी वाजली. किती दिवसांत त्याला काही जाणवलं नव्हतं, गार नाही की ऊन नाही! दात वाजायला लागले तरी त्याने रस्त्यावरची नजर काढली नाही.

आळेफाट्याच्या बाजूने अमृतची गाडी आली. रस्त्यावर गर्दी होती, टोमॅटोच्या पिकअपा होत्या, तरी ती गाडी कुठे न चाचरता सरळ त्याच्यापाशी येऊन थांबली. अमृत चिंब भिजला होता. त्याने गाडी स्टँडला लावायच्या आधीच विचारलं की आबा कुठे आहेत. सुदर्शनने शेडकडे बोट केलं. अमृतने बापाला बघितलं, मोठा श्वास सोडला आणि भावाकडे वळला.

"कशाला भिजत उभा राहिलास?" तो म्हणाला. "पार पुलापासनं दिसत व्हतास, दादा."

"आई हितंच बसली व्हती," सुदर्शन म्हणाला. "आपल्यातलं कुणीबी आलं असतं, तरी तीबी दिसली असती."

अमृत गाडीवरच बसून राहिला. सुदर्शनला मात्र रडू फुटलं, आणि असं फुटलं की रिक्षावाले माना वळवून बघायला लागले, टोपली सोडून साळुबाई उठली. शेडमधून हौशीराम काठी टेकत पावसात बाहेर आला. दोन्ही पोरं त्याला हाताने मागे सारत होती, तो काही ऐकत नव्हता. तो येऊन त्या उंचवट्यावर बसला आणि पिशवी मांडीवर घेतली.